१४ एकर आणि जुनी फॉर्च्युनर : घेऊ की नको?

दारव्हेकर

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातला कास्तकार आहे, वय ३४. घरची १४ एकर. त्यातली ४ एकर विहिरीच्या ओलिताची, बाकी कोरडवाहू. कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. हंगामात थ्रेशर भाड्यानं चालवतो. घरी आई-बाबा, बायको, दोन लेकरं. सध्या दारात एक जुनी अल्टो, एक मोटरसायकल आणि ट्रॅक्टर आहे.

नागपूरला ओळखीतल्या एका माणसाकडे २०१३ ची फॉर्च्युनर आहे. ३ लिटर डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद), १ लाख ६८ हजार किलोमीटर झालेली. साडेनऊ लाख सांगून राहिला, नऊला देईल असं वाटते. माझ्याजवळ पाच लाख आहेत, दोन वर्षांची तूर आणि थ्रेशर मिळून जमलेले. चार लाख कर्ज काढावं लागेल.

२००९ मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा मी अमरावतीला शिकत होतो. कॉलेजच्या गेटसमोर पहिल्यांदा पाहिली तो दिवस अजून आठवतो. तेव्हापासून मनात आहे. फक्त हौस आहे असंही नाही. आईचे गुडघे गेले आहेत, तिला महिन्यातून एकदा नागपूरला दवाखान्यात न्यावं लागते. पावसाळ्यात वावराची पांदन, म्हणजे वावरात जायची वाट, अशी होते की मोटरसायकल खांद्यावर घ्यावी लागेल. तुरीच्या दिवसात रात्री रोही (नीलगाय) आणि रानडुकरं हाकलायला जावं लागते. अल्टो तिथं जात नाही.

गावातले दोस्त म्हणतात घेऊन टाक. बाबा काहीच बोलत नाहीत. ज्यांनी अशी मोठी गाडी खेड्यात वापरली आहे त्यांनी खरं काय ते सांगावं.

काळी माती

दारव्हेकर भाऊ, मी आर्वी तालुक्यातला. २०१४ ते २०२३, नऊ वर्षं मोठी गाडी गावात ठेवली. कंपनीचं नाव राहू द्या. अडीच लिटरच्या वरचं डिझेल इंजिन, दोन टनांच्या आसपास वजन, सात सीट, फोर बाय फोर. विकली तेव्हा माझी पोरगी दिवसभर जेवली नाही. तुमची हौस मला कळते आणि तिला मी नावं ठेवणार नाही. पण पैसे देण्याआधी चार गोष्टी ऐकून घ्या.

आधी पांदन. या कामासाठी घेत असाल तर घेऊच नका. आपली माती काळी, भारी. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात तीच भेगाळते. ओली असताना टायरच्या नक्षीत भरते, आणि एकदा नक्षी भरली की चारही चाकं गुळगुळीत होतात. मग चार चाकांना ताकद मिळाली तरी ती चारही जागच्या जागी फिरतात आणि दोन टन वजन गाडीला खाली दाबत नेते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये फवारणीचं पाणी घेऊन गेलो होतो. धुऱ्यापासून चाळीस पावलांवर गाडी पोटावर बसली. मी जितकं रेस करू तितकी खाली. शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं ओढली आणि ओढताना पुढचा बंपर निघाला. ट्रॅक्टर का जाते? मागची चाकं उंच, अरुंद, त्यांच्या टायरवरच्या उंच रबरी दातांमधून माती गळून पडते. बंडीही जाते. आपली मोठी गाडी कोकणातल्या जांभ्यावर चालेल, मेळघाटाच्या मुरमाड चढावर चालेल, पण जुलै-ऑगस्टच्या काळ्या वावरात ती चालत नाही. ज्या दिवसांत तुम्हाला पांदनीसाठी गाडी पाहिजे, नेमके तेच दिवस तिचे नाहीत.

मग डिझेल. फॉर्च्युनरची टाकी ८० लिटरची. लिटरला नव्वदच्या वर भाव धरला तर एक टाकी सात हजारांच्या पुढे जाते. २०२४-२५ मध्ये मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,१२१ रुपये होता. म्हणजे टाकी भरली की एक क्विंटल कापूस गेला, आणि त्याची वेचाई किलोमागे दहा-बारा रुपयांनी तुम्ही आधीच दिलेली असते. महिन्याला हजार किलोमीटर फिरलात, लिटरला दहा पडले, तर वर्षाला लाखाच्या वर नुसतं डिझेल. म्हणजे पंधरा क्विंटल कापूस. बी, खत, फवारणी काहीही न कापता. दीड हजार सीसीच्या वरच्या गाडीला २०२२ च्या दरानं नुसता थर्ड पार्टी विमाच वर्षाला ७,८९७ रुपये. एक टायर दहा हजारांच्या पुढे, आणि पाचही बदलायची वेळ जवळपास एकदमच येते.

कर्ज तर काढूच नका. पीककर्ज वेळेत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंत शून्य टक्के पडते. जुन्या गाडीचं कर्ज बारा टक्क्यांच्या खाली मिळणं मुश्कील. चार लाख, चार वर्षं, बारा टक्के धरले तर महिन्याचा हप्ता साडेदहा हजार. हप्ता दर महिन्याला येतो, कापूस वर्षातून एकदा. जून-जुलैचे हप्ते बियाण्याच्या पैशातून जातात, हे मी स्वतः केलं आहे.

आता जे मला कोणी सांगितलं नव्हतं ते सांगतो. मोठी गाडी दारात आली की लोक तुम्हाला उधार द्यायला लागतात. कृषी केंद्रवाला आधी माझी उधारीची वही पाहून औषध द्यायचा. गाडी आल्यावर वही पाहणं बंद झालं. "घेऊन जा भाऊ, पैसे कुठी पळते." मीही घेत गेलो. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली तेव्हा ती वही उघडली आणि मला रात्री झोप लागेना. त्या वर्षी गावातल्या सगळ्यांचं गेलं होतं. पण माझं गेलं हे कोणी मानत नव्हतं. उधार मागायला कुणाच्या दारात जाता येईना, कारण माझ्याच दारात ती पांढरी गाडी. नुकसानीच्या मदतीच्या यादीत नाव होतं, सही करायला मी चार दिवस गेलो नाही. बायकोनं शेवटी हात धरून नेलं. गाडी विकून वही मिटवता आली असती, पण विकली तर गाव काय म्हणेल या भीतीनं सहा वर्षं आणखी ठेवली. डिझेलपेक्षा हे मला महाग पडलं.

आणि आता दुसरी बाजू, नाहीतर मी अर्धंच सांगितलं असं होईल. २०१८ चा जुलै. रात्री अडीचला शेजारची म्हातारी दार वाजवत आली. सून अडली होती. अँब्युलन्स फाट्यापर्यंत आली होती, पुढचे दोन किलोमीटर खडीचा रस्ता उखडून खड्डेच खड्डे, त्यात गुडघाभर पाणी. रस्त्याचा तळ कडक होता, वावरासारखा नाही, त्यामुळे माझी गाडी लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेगाच्या पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये, हळूहळू निघाली. मागच्या सीटवर तीन बाया त्या पोरीला धरून. आर्वीच्या उपजिल्हा रुग्णालयात पोचल्यावर पाऊण तासात पोरगी झाली. ती आता शाळेत जाते, मला पाहिलं की "गाडीवाले आबा" म्हणते. गाडी विकून दोन वर्षं झाली तरी तेच नाव आहे. त्या रात्रीची किंमत मी लिटरमध्ये काढू शकत नाही.

पण हेही समजून घ्या की त्या रात्रीनंतर ती गाडी माझी राहिली नाही. साप चावला, बैलानं मारलं, लग्नाचा नवरदेव न्यायचा, कोणाचं मयत नागपूरहून आणायचं, सगळं माझ्या दारात. लोक डिझेल टाकतात, नाही असं नाही. पण चालवणारा मीच. वेचाई चालू असताना मजूर वावरात आणि मी वर्धेच्या दवाखान्याबाहेर, असे किती दिवस गेले. नाही म्हणता येत नाही. म्हणूही नये, असं मला वाटते. घेणार असाल तर हे धरून घ्या.

माझ्या आजोबांकडे पटाची, म्हणजे शर्यतीच्या बैलांची, जोडी होती. तळेगाव दशासरच्या शंकरपटात पळालेली. त्या बैलांना कधी वखराला जुंपलं नाही, कामाची जोडी वेगळी. सरकी, ढेप, तूप, सालभर एक माणूस फक्त त्यांच्यासाठी. लोक म्हणत म्हातारा वेडा आहे. पण आजोबांनी ती जोडी संत्र्याच्या बागेच्या पैशावर पोसली, कापसाच्या पैशाला हात लावला नाही. बाग वाळली त्या वर्षी जोडी विकली आणि महिनाभर गोठ्याकडे गेले नाहीत. मी हौस त्यांच्याकडून घेतली, हिशेब घेतला नाही.

तुमचे पाच लाख हे तुमच्या संत्र्याच्या बागेचे पैसे आहेत का, एवढं स्वतःला विचारा. असतील आणि पाच लाखातच बसणारी गाडी मिळत असेल, तर घ्या. मी अडवणार नाही.

पुलगाव गॅरेज

गाडी बघायला जाणारच असाल तर मालकाला सांगा, सकाळी मी येईपर्यंत सुरू करू नका. बोनेटला हात लावून पाहा, थंड पाहिजे. गरम असेल तर काहीतरी लपवून राहिला.

या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताल जुळवणारा पट्टा, चेन नाही. दीड लाख किलोमीटरच्या आसपास बदलावाच लागतो. तुमची १ लाख ६८ हजारवर आहे, तर बदललेल्याचं बिल मागा. तोंडी नको. तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि मग इंजिन उघडण्याशिवाय मार्ग नाही. चारही इंजेक्टरची, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळ्यांची, रिटर्न टेस्ट करून घ्या, कोणता किती डिझेल परत सोडतो ते त्यात कळते.

डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांच्या मधल्या गिअरपेटीचा, ऑइल प्लग खोलून पाहा. ऑइल चहासारखं दुधाळ दिसलं तर पाण्यात गेलेली गाडी आहे, परत या. लो रेंज आणि सेंटर लॉक (पुढची-मागची चाकं एकत्र बांधणारा) लावून पाहायचं ते मातीवर, डांबरी रस्त्यावर नाही. डांबरावर चाकं घसरत नाहीत आणि सगळा ताण गिअरवर येतो. बऱ्याच गाड्यांत तो लिव्हर वर्षानुवर्षं हललेलाच नसतो, जाम झालेला असतो.

एक गोष्ट खेड्यातल्या गिऱ्हाइकांना मी हात जोडून सांगतो. ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये ठेवलेलं डिझेल या गाडीत कधीच टाकू नका. ट्रॅक्टरचा जुना पंप थोडं पाणी, थोडा कचरा सहन करतो. या इंजिनातल्या कॉमन रेलमध्ये, म्हणजे डिझेल दाबून ठेवणाऱ्या नळीत, दाब इतका असतो की थेंबभर पाण्यानं इंजेक्टर जातो. तुमच्या घरी ट्रॅक्टर आहे, ड्रम असणारच, आणि रात्री टाकी रिकामी असली की हात तिकडे जातोच.

एका बाबतीत २०१३ ची गाडी तुम्हाला बरी आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (धुराच्या कडक नियमाच्या) डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी सलग, जरा वेगात पळावी लागते. गाव ते तालुका, आठ-दहा किलोमीटर रोज, असं चालवलं की तो चोंदतो. जुनीत ती भानगड नाही. पण २०२८ ला पंधरा वर्षं होतील. पुढं फिटनेस, पुनर्नोंदणीचे ५,००० आणि पर्यावरण कर.

शाळेतली ताई

मी पुसदकडच्या एका गावात जिल्हा परिषद शाळेत शिकवते. आमच्याकडे सहा वर्षं मोठी एसयूव्ही आहे. दादा, तुमच्या पोस्टमध्ये आई आहेत, बाबा आहेत, दोस्त आहेत. वहिनी काय म्हणतात ते कुठेच नाही.

तुम्ही आईंच्या गुडघ्यांसाठी घेता म्हणता, म्हणून मुद्दाम लिहिते. माझ्या सासूबाईंचेही गुडघे दुखतात. या गाड्या उंच. पायरीवर पाय ठेवायचा, वरचं हँडल धरायचं, अंग वर खेचायचं. गुडघेदुखीच्या माणसाला तेच जमत नाही. आम्ही लाकडी पाट सोबत ठेवतो, तो आधी खाली ठेवायचा, त्या चढल्या की उचलून मागे टाकायचा. दवाखान्याच्या दारात मागच्या गाड्या हॉर्न वाजवत असतात आणि सासूबाई ओशाळतात. आता त्या माझ्या भावाच्या साध्या कारमध्येच बसायचं म्हणतात. बसल्या की थेट सीट, पाय आत घेतले की झालं. आईंना एकदा त्या गाडीत चढवून, उतरवून पाहा. मगच ठरवा.

दुसरं, लेकरं लहान आहेत ना? माझी उंची पाच फूट. सीटवर बसल्यावर बोनेटच्या पुढचं लहान पोर मला दिसत नाही. आमच्या अंगणात शिकवणीची मुलं खेळतात, गाडी काढायच्या आधी मी स्वतः पुढे उभी राहून मोजते. सहा वर्षांत मी ती गाडी चारदा चालवली असेल. यांना ताप होता त्या रात्रीही मी शेजाऱ्यांची छोटी कार मागून घेतली. घरात एकालाच चालवता येते ती गाडी, त्या एकाला काही झालं की नुसती उभी असते.

उमरखेडकर

एकच सांगायचं आहे. मोठी गाडी आली की नाल्याच्या पुराची भीती जाते, ती जाऊ देऊ नका. २८ सप्टेंबर २०२१ ला आमच्या तालुक्यात दहागावच्या नाल्यावरून एसटी बस वाहून गेली. बसपेक्षा तुमची गाडी जड नाही. पाणी गाडीच्या तळाच्या वर फूटभर चढलं की दोन टनांची गाडीही उचलली जाते, मग चार चाकांच्या ताकदीला खाली धरायला जमीनच उरत नाही. पूल दिसत नसेल तर अलीकडेच थांबायचं, आत कोणीही असो.

काळी माती

उमरखेडकर भाऊ बरोबर बोलले. मी २०१८ च्या त्या रात्री निघालो तेव्हा वाटेत नाला नव्हता, फक्त खड्ड्यातलं साचलेलं पाणी होतं, हे लिहायचं राहिलं होतं. वाहतं पाणी असतं तर मीही गेलो नसतो.

ताई, पाटाचं वाचून माझी आई आठवली. ती कधी बोलली नाही, पण गाडी आल्यापासून तिनं नागपूरला येणं कमी केलं होतं. मला वाटायचं वय झालं.

दारव्हेकर

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल रात्री बायकोलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मले विचारलं असतं तर मी पांदनीवर मुरूम टाका म्हटलं असतं."

आज सकाळी टेप घेऊन दाराची चौकट मोजली. सहा फूट दोन इंच. फॉर्च्युनरची रुंदी १८४० मिलिमीटर, म्हणजे आरसे सोडून सहा फूट अर्धा इंच. आत घ्यायची तर गोठ्याची भिंत पाडावी लागते. बाबा बाजूला उभे होते, त्यांनी नुसतं टेपचं दुसरं टोक धरलं. मोजून झाल्यावर म्हणाले, "भित पाडू बापा, पण पाऊस झाल्यावर. आत्ता बैल कुठी बांधशील?"

कर्ज काढणार नाही, एवढं ठरलं. नऊ लाखाची गाडी पाच लाखात येत नाही हे मलाही कळते. पांदनीवर आमच्यासह पाच घरांची वावरं आहेत. त्यांच्याशी बोललो, तिघं मुरमाचा वाटा द्यायला तयार आहेत. ट्रॅक्टर-ट्रॉली माझी.

तरी रविवारी नागपूरला जाणार आहे. आईला घेऊन, चढता येते का ते पाहायला. सकाळी सातला, गाडी थंड असताना. एकदा चालवून पाहू द्या मला. पुलगाववाले दादा, बेल्टच्या बिलावर किलोमीटर लिहिलेले असतात ना, की ते मीटरशी वेगळं जुळवून पाहावं लागते, तेवढं सांगा.

मोठ्या पोराला सोबत नेत नाही.